क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे, मग किडनीचं काय?

चेकअपचा रिपोर्ट आला की आपण ठळक छापलेले आकडे शोधतो. ते नसले की ‘सगळं रेंजमध्ये’ म्हणून फाइल कपाटात. रेंजमध्ये म्हणजे निरोगी, हा समज कितीदा खोडला तरी जात नाही.

मुळात ही रेंज येते कुठून? सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या सांगण्याप्रमाणे, निरोगी मानलेल्या किमान 120 जणांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमानं मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के गाळायचे. उरलेले 95 टक्के ‘नॉर्मल’. गाळलेलेही निरोगीच होते, बरं का! म्हणून एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा रेंजबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के असते. अनेक लॅब तर एवढाही खटाटोप करत नाहीत. किटच्या माहितीपत्रकातली रेंज उचलून छापतात.

आता क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ. ते स्नायूंतून येतं, त्यामुळे स्नायू कमी तर तेही कमी. 25 वर्षांचा तरुण आणि 75 वर्षांच्या आजी, दोघांचंही क्रिएटिनिन 1.1 धरा. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, म्हणजे ईजीएफआर काढतात. 2021च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानं तरुणाचा तो साधारण 95 येतो, आजींचा 52! हा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ 60च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. आणि आजींच्या रिपोर्टवर बहुधा एकही ठळक अक्षर नसतं. किडनीचं निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन रेंजमध्ये राहू शकतं, हे अजून किती वेळा सांगायचं? मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर ईजीएफआर बघा आणि लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या.

यकृताचीही तीच गत. एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम 40च्या आत म्हणजे ठीक, असं बऱ्याच रिपोर्टांवरून वाटतं. 2002 साली मिलानच्या संशोधकांनी रक्तदात्यांमधून यकृतविकाराचा धोका कमी असलेलेच निवडले, तेव्हा वरची मर्यादा पुरुषांत 30 आणि स्त्रियांत 19 निघाली. जुन्या ‘निरोगी’ गटांत फॅटी लिव्हरवाले मिसळलेले होते.

यकृताबद्दलचे आणखी काही गैरसमज बघा. ‘एसजीपीटी म्हणजे यकृताचं काम’: नाही, ते पेशींची इजा दाखवतं. सिऱ्होसिसमध्येही ते नॉर्मल असू शकतं. काम कळतं रक्तातलं अल्ब्युमिन आणि आयएनआर या रक्त गोठण्याच्या चाचणीवरून.

‘एसजीओटी वाढलं, दारू पितोस का?’: हे एन्झाइम स्नायूंतही असतं; काल जिममध्ये घाम गाळला असेल, तरी वाढतं.

‘बिलिरुबिन जरा जास्त, म्हणजे कावीळ’: बाकी सगळं ठीक असेल, तर बहुतेकदा तो निरुपद्रवी, आनुवंशिक गिल्बर्ट सिंड्रोम असतो. उपाशीपोटी तर ते आणखी चढतं.