कबड्डी प्रशिक्षकाची वाट

रायगडच्या किनारपट्टीवर कबड्डी प्रशिक्षकाची कारकीर्द सुरू होते ती गावच्या मंडळात, पगाराविना. उरण, पेण, अलिबाग, मुरूड या तालुक्यांत गावोगावी क्रीडा मंडळे आहेत. भातकापणी उरकली की मैदाने आखली जातात आणि रात्री दिव्यांच्या झोतात स्पर्धा रंगतात. वय किंवा गुडघा साथ देईनासा झाला की जुना खेळाडू संध्याकाळी गावच्या पोरांना घेऊन मैदानात उतरतो. नोकरी, शेती किंवा मासेमारी सांभाळून चाललेली ही शिकवणी बहुधा बिनमोबदल्याची असते. तरीही महाराष्ट्राच्या कबड्डीचा पाया अशा माणसांनीच घातला आहे.

यातून पोटापाण्याचा व्यवसाय करायचा, तर रीतसर शिक्षण लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडवले जातात. तिथली पदविका हाती असली की सरकारी क्रीडा खात्याची दारे उघडण्याची आशा असते. बाकीचे शाळेत क्रीडाशिक्षक होतात, तर काही जण रेल्वे, पोलीस किंवा बँकांच्या संघांबरोबर राहतात.

काम मात्र सगळीकडे सारखेच बारकाईचे आहे. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात सात जणांनी एका मनाने हलायचे असते. कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा धरला आणि शेजारचा मध्यरक्षक क्षणभर उशिरा झेपावला, तर चढाईपटू दोघांनाही बाद करून परततो. म्हणून चांगला प्रशिक्षक पकड एकेकट्याला शिकवत नाही, जोडीला शिकवतो आणि ती जोडी महिनोन्‌महिने मोडत नाही. वजनाकडेही त्यालाच पाहावे लागते: किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी न ठेवता या मर्यादेत राखणे हे जबाबदारीचे काम आहे. सामना सुरू झाल्यावर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. खेळ थांबवून बोलायला मिळतात ते ३०-३० सेकंदांचे मोजके विश्राम.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि या व्यवसायाला प्रथमच मोठा बाजार मिळाला. लिलावात खेळाडू निवडणे, प्रतिस्पर्ध्याच्या चढायांच्या चित्रफिती तासन्‌तास पाहणे, सहायक प्रशिक्षक आणि फिजिओ यांच्याकडून काम करून घेणे, हे सगळे प्रशिक्षकाच्या वाट्याला आले. कर्नाटकच्या बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला आणि २०२४ मध्ये पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिले. अमेरिकी फुटबॉलमध्ये शाळेच्या मैदानापासून व्यावसायिक संघापर्यंत जाणारी अशी शिडी फार आधीपासून आहे. तिथले विख्यात प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी १९३९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शाळेत लॅटिन आणि विज्ञान शिकवत सहायक प्रशिक्षक म्हणून काम करू लागले. १९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सची सूत्रे हाती येईपर्यंत मधे वीस वर्षे गेली होती.

महाराष्ट्रातली सर्वांत विलक्षण वाटचाल नाशिकच्या शैलजा जैन यांची आहे. अनेक वर्षे त्यांनी नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद काही त्यांच्याकडे आले नाही. निवृत्तीनंतर, बहुतेक जण घरी बसतात त्या वयात, त्यांनी इराणच्या महिला संघाची जबाबदारी स्वीकारली. भाषा परकी, जेवण परके, आणि खेळाडू डोके व अंग पूर्ण झाकून खेळणाऱ्या. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि सरावात योगासने व प्राणायाम आणला. श्वासावरच उभ्या असलेल्या या खेळात प्राणायामाची निवड अगदी नेमकी होती.

इराण आधीपासून दुबळा नव्हता. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या महिला अंतिम फेरीत भारताकडून हरल्या होत्या. कमी पडत होती ती शेवटच्या मिनिटांतली स्थिरता. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तामध्ये पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि इराणने २७-२४ असा विजय मिळवला. २०१० मध्ये महिला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून सुवर्णपदक भारताकडेच होते. ते प्रथमच हातचे गेले, आणि तेही एका मराठी बाईंनी घडवलेल्या संघाकडे. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनीही उपांत्य फेरीत भारताला हरवले होते.

त्या वेळी काहींना हा घरभेदीपणा वाटला. तो आरोप अन्यायाचा आहे. प्रशिक्षकाने आपली विद्या जिथे मागितली जाते तिथे प्रामाणिकपणे द्यावी, हाच या व्यवसायाचा धर्म. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडून खेळला, त्या संघाने लीग जिंकली, आणि मुंबईकरांनी त्याला डोक्यावर घेतले; तेव्हा कोणी देश विचारला नव्हता.

मायदेशात महिला प्रशिक्षकांना वाव किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. प्रो कबड्डीच्या आयोजकांनी २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा भरवली, पण पुरुषांच्या लीगसारखी ती वर्षानुवर्षे चालली नाही. त्यामुळे रायगडच्या एखाद्या मंडळात मुलींना पकडी शिकवणाऱ्या बाईंना आजही शाळा, सरकारी नोकरी किंवा परदेश हेच मार्ग उरतात.