कचेरीचे नूतनीकरण : ढिगाऱ्यातील ऊर्जेचा हिशेब

गावातील एखाद्या बँकेचे किंवा कचेरीचे नूतनीकरण चाललेले तुम्ही पाहिलेच असेल. सुटीच्या आदल्या संध्याकाळी कामकाज संपते, पहारी आणि हातोडे घेऊन मजूर येतात, आणि सुटी संपेपर्यंत दारापुढे मोठा ढीग साचतो. त्यात ॲल्युमिनिअमच्या वाकलेल्या पट्ट्या असतात, काचांचा चुरा असतो, फॉल्स सीलिंगच्या पांढऱ्या तक्त्यांचे तुकडे, सनमायका चिकटवलेले प्लायवुड, वायरी, ट्यूबलाइट आणि या सर्वांवर विटा-सिमेंटचा भुगा. मग ट्रक येतो आणि हा सगळा राडारोडा गावाबाहेर नेऊन टाकतो.

या ढिगात नेमके काय फेकले जाते? वस्तू तर जातातच. पण त्या तयार करताना खर्ची पडलेली ऊर्जाही त्यांच्याबरोबर जाते. ही ऊर्जा किती, याचा हिशेब तुम्ही शाळेत शिकलेल्या सूत्रांनीच करता येतो. पार्टिशनची ॲल्युमिनिअमची चौकट आपण उदाहरणादाखल घेऊ.

एक किलो ॲल्युमिनिअम

ॲल्युमिनिअम बॉक्साइट या खनिजापासून मिळते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत. एक किलो धातूसाठी साधारणपणे ४ ते ५ किलो बॉक्साइट खणावे लागते. त्यातून प्रथम ॲल्युमिना वेगळे करतात व नंतर त्याचे विद्युत अपघटन करतात. ही अपघटनाची पद्धत १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधली. ॲल्युमिनिअम व ऑक्सिजन यांचा बंध इतका बळकट असतो, की आजही एका किलोमागे केवळ अपघटनासाठी सुमारे १४ युनिट वीज लागते.

आता जुनी चौकट वितळवायला किती ऊर्जा लागेल ते पाहा. ॲल्युमिनिअमचा द्रवणांक ६६० अंश सेल्सिअस. विशिष्ट उष्मा सुमारे ०.९ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. तापमान ३० अंशांवरून ६६० अंशांपर्यंत, म्हणजे ६३० अंशांनी वाढवायचे.

तापविण्यासाठी : ६३० × ०.९ = ५६७ किलोज्यूल
वितळविण्यासाठी (अप्रकट उष्मा) : सुमारे ४०० किलोज्यूल
एकूण : सुमारे ९६७ किलोज्यूल

एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हा हे पाव युनिटापेक्षा थोडेसेच जास्त झाले! कुठे १४ आणि कुठे पाव! प्रत्यक्षात भट्टीची बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते, म्हणून फरक एवढा मोठा राहत नाही. तरीही खनिजापासून धातू बनविण्याच्या मानाने जुना धातू वितळविण्यास साधारण विसावा हिस्सा ऊर्जा पुरते. एका कचेरीतून ५० किलो चौकटी निघाल्या असे धरा. त्यांच्यात ५० × १४ = ७०० युनिट वीज खर्ची पडलेली आहे. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला ती सात महिने पुरली असती.

खरा शत्रू : मिसळण

मग भंगारवाला हे सर्व नेतोच की, असे तुम्ही म्हणाल. नेतो, पण जे वेगळे काढता येते तेवढेच. मूठभर ज्वारीत मूठभर बाजरी मिसळायला क्षणही लागत नाही. निवडायला मात्र दुपार जाते. निसर्गाचा कल मिसळण्याकडे असतो आणि वेगळे करण्यासाठी कष्ट करावे लागतात. उष्मागतिकीचा दुसरा नियम हेच सांगतो.

ॲल्युमिनिअमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू राहिला, तर लोखंड वितळलेल्या धातूत विरघळते. मग ते काढणे फार अवघड होते आणि धातू ठिसूळ बनतो. तोच स्क्रू आधी काढायला अर्धे मिनिट लागते.

सीलिंगचे जिप्समचे तक्ते घ्या. स्वच्छ जिप्सम सुमारे १५० अंशांना भाजले, की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. पाणी घातले की पुन्हा जिप्सम! पण हेच तुकडे ओल्या कचऱ्यात गाडले गेले, तर हवा नसलेल्या जागी जिवाणू त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू विषारी असतो.

टफन्ड काचेची तऱ्हा निराळीच. तापवून एकदम थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली व आतला भाग ताणाखाली असतो. ती कापू गेल्यास तिचे दाणे दाणे होतात. म्हणून ती अखंड उतरवून त्याच मापाच्या जागी बसवणे हाच तिचा उत्तम उपयोग. प्लायवुडमधील गोंद पुन्हा वितळत नाही आणि जाळला तर अपायकारक धूर होतो. त्याचेही तक्ते अखंडच वाचवायला हवेत. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. त्या न फोडता निराळ्या ठेवाव्यात.

काय करावे?

राडारोडा वेगवेगळा करून संकलन केंद्राकडे द्यावा, असे भारत सरकारच्या २०१६ सालच्या नियमांनी सांगितले. मोठ्या कामांसाठी त्यांत चार वर्ग ठरविले होते : काँक्रीट; माती; पोलाद, लाकूड व प्लास्टिक; आणि विटा व गिलावा. कचेरीच्या ढिगाला मात्र एवढी वाटणी पुरत नाही. तेथे क्रमाने उलगडणे हाच उपाय. आधी दिवे व वायरी, मग काचा, मग सीलिंग, मग चौकटी, आणि भिंतीला हातोडा सर्वांत शेवटी. याला दोन दिवस अधिक लागतात. नेमके तेच दोन दिवस कंत्राटदाराला दिले जात नाहीत, आणि सातशे युनिट ढिगात जातात.

त्याहूनही बरे म्हणजे ढीग होऊच न देणे. कपाट भक्कम असेल तर केवळ रंग जुना झाला म्हणून ते मोडू नये. नवे पार्टिशन गोंदाऐवजी स्क्रूने जोडावे, म्हणजे पुढच्या वेळी सुतार ते उलगडून दुसरीकडे उभे करील.

आता तुमच्यासाठी एक काम. शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या कचेरीतील दहा वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा : ती कोणत्या पदार्थांची आहे, आणि ते पदार्थ स्क्रूने, खिळ्याने की गोंदाने जोडलेले आहेत. कोणती वस्तू उद्या पुन्हा उपयोगी पडेल आणि कोणती ढिगात जाईल, हे यादी पाहूनच तुम्हाला सांगता येईल. शाळेत रंगकाम किंवा दुरुस्ती निघेल तेव्हा ती यादी मुख्याध्यापकांना अवश्य दाखवा. मात्र हातोडा पडण्यापूर्वी!