कॉर्न स्नेकची जोडी लावताना

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे लाल ठिपके, पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारखी काळी-पांढरी नक्षी. अमेरिकेत आणि युरोपात तो हौसेने पाळला जातो आणि त्याची पैदासही होते. १९५३ मध्ये उत्तर कॅरोलायनात काळा रंगच नसलेला एक साप सापडला. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचा वंश वाढवला आणि १९६१ मध्ये तशीच लालभडक पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. पाळणारे या रंगाला ‘अमेल’ म्हणतात.

अमेल हा अप्रभावी गुण आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. २०१५ मधल्या संशोधनात दिसले की अमेल सापात ओसीए-२ या जनुकात एक उपरा तुकडा घुसून ते बिघडलेले असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच काळा रंग जातो. एकच बिघडलेली असेल तर साप चारचौघांसारखा दिसतो, पण बिघाड पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा वाहकाला पाळणाऱ्यांच्या बोलीत ‘हेट’ म्हणतात. पैदाशीतली सगळी गुंतागुंत या हेटपाशी आहे.

दोन हेट एकत्र आणले तर सरासरी चारातले एक पिल्लू अमेल निघते. उरलेल्या तीन साध्या पिल्लांपैकी दोन वाहक असतात, पण कोणती दोन हे पाहून कळत नाही. म्हणून तिन्ही ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकली जातात. वास्तविक ६६ टक्के वाहक असा साप नसतोच. तो वाहक असतो किंवा नसतो, टक्केवारी विकणाऱ्याच्या माहितीची असते. याउलट अमेल आणि निखळ साधा अशी जोडी लावली तर सगळी पिल्ले नक्की हेट. अमेल आणि हेट अशी लावली तर निम्मी अमेल आणि उरलेली नक्की हेट. म्हणजे जोडीतला एक जरी साप गुण उघड दाखवणारा असला, तरी त्या गुणाबाबत शंका उरत नाही.

दोन गुण एकत्र आले की हिशेब लांबतो. ‘अनेरी’ म्हणजे लाल रंग नसलेला, राखाडी-काळा साप. अमेल आणि अनेरी यांची सगळी पिल्ले साध्या रंगाची निघतात, आणि नवख्याला वाटते वीण वाया गेली. पण त्यांतला प्रत्येक साप दोन्ही बिघाडांचा वाहक असतो. त्यांची आपसांत जोडी लावली की सोळातले एक पिल्लू ‘स्नो’, म्हणजे पांढरट-गुलाबी, निघण्याची शक्यता असते. साप वयात यायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे या एका पांढऱ्या पिल्लासाठी धीर लागतो.

संशयित सापाची पारख चाचणी-जोडीने होते. त्याला अमेलशी जोडायचे. एक जरी अमेल पिल्लू निघाले तर तो वाहक ठरला. सहा पिल्ले झाली आणि सगळी साधी निघाली, तर वाहक असूनही असे घडण्याची शक्यता ६४ मध्ये १. त्याच सापाला हेटशी जोडले असते तर सहाही साधी निघण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. तेवढ्यावर कुणी पैसे मोजू नयेत.

दिसण्यावर विसंबण्यात आणखी एक फसगत आहे. ‘हायपो’ आणि ‘सनकिस्ड’ दोन्ही साप काळा रंग फिका झाल्याने उजळ दिसतात, पण त्यांची जनुके वेगळी. दोघांची जोडी लावली तर साधीच पिल्ले होतात. सनकिस्डच्या काही वंशांत ‘स्टारगेझर’ नावाचा मज्जासंस्थेचा दोषही पसरला. तोही अप्रभावी. दोन्ही प्रती सदोष असलेले पिल्लू मान वर करून टक लावते आणि सरपटताना उलटेसुलटे होते. इथे मात्र रंगाचा प्रश्न नसून जनावराच्या हालांचा आहे, आणि वाहक ओळखण्याची खरी निकड इथेच आहे.

बापाची खात्रीही गृहीत धरता येत नाही. मादी शुक्राणू पोटात साठवून ठेवते आणि पुढच्या हंगामात नर नसतानाही फलित अंडी घालू शकते. समजा, गेल्या वर्षी अमेल नराबरोबर ठेवलेली अमेल मादी यंदा साध्या दिसणाऱ्या नराला दिली. एक अमेल पिल्लू निघाले, तर नवा नर छुपा वाहक आहे की जुन्या नराचे शुक्राणू कामी आले, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. म्हणून नर बदलताना मादीला एक हंगाम मोकळा द्यावा, आणि कोणता नर कोणत्या तारखेला सोडला, अंडी कधी घातली हे टिपून ठेवावे. काही गुणांसाठी आता टाकलेल्या कातीवरून प्रयोगशाळेत तपासणी होते. ती उपलब्ध असेल तर वर्षांची प्रतीक्षा वाचते; पण कात कोणत्या डब्यातून उचलली, तेवढी चिठ्ठी आधी चिकटवावी लागते.