खतावणीत नसलेली खाती

आपण बँकेत ठेव ठेवता ती विश्वासाने, आणि तो विश्वास पुष्कळसा हिशेबतपासनिसाच्या सहीवर विसंबलेला असतो. ती सहीच अपुरी पडली तर काय ओढवते, हे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी सप्टेंबर २०१९ मध्ये अनुभवले. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले; प्रारंभी सहा महिन्यांत खात्यामागे अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा उरली.

आरोप असा, की थकलेली ४४ मोठी कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली. नवल हे, की ही खाती बँकेच्या संगणकीय खतावणीत उघडलेलीच नव्हती. ती होती केवळ रिझर्व्ह बँकेला सादर केलेल्या यादीत! नेहमीचा तपासनीस निवडक, बहुधा मोठी, कर्जे पाहतो. लहान रकमांच्या त्या गर्दीत कोण डोकावणार?

फॉरेन्सिक ऑडिट, म्हणजे न्यायालयात पुरावा म्हणून टिकावी अशी तपासणी, इथेच निराळी ठरते. ती नमुन्यावर समाधान मानीत नाही. सादर केलेली यादी मूळ खतावणीशी ताडून पाहते, कोणती नोंद कोणी व केव्हा केली ते हुडकते आणि कर्जाचा पैसा अखेर कोणाच्या हाती गेला तिथवर माग काढते. मात्र आपल्याकडे तिची आठवण बहुधा तहान लागल्यावर विहीर खणावी तशी होते. या बँकेतही ती निर्बंधांनंतरच आली. २५ जानेवारी २०२२ रोजी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांहून अधिक ठेव असणाऱ्यांच्या उर्वरित रकमेसाठी टप्प्याटप्प्याने १० वर्षांपर्यंतची मुदत ठरली.