कवळी आणि वाणी

कवळी बसविल्यावर अडचण येईल ती चावताना, असे आपण समजतो. वस्तुतः माणूस आधी अडखळतो तो बोलताना. या संकोचाने कित्येक ज्येष्ठ चारचौघांत गप्प बसू लागतात. त-थ-द-ध-न हे दंत्य वर्ण. ट-ठ-ड-ण-ळ उच्चारताना जीभ वर वळते. वरची पूर्ण कवळी टाळूही झाकते, त्यामुळे जिभेच्या सवयीच्या जागाच बदलतात. त्यातून मराठीत ‘चार’मधला च निराळा आणि ‘चाक’मधला निराळा! ‘स’ म्हणताना शीळ वाजते ती वेगळीच. आरंभी लाळही अधिक सुटते. म्हणून बोलण्यापूर्वी आवंढा गिळावा, कवळी जागेवर बसते.

सरावासाठी साठ ते सत्तर अंक सावकाश, मोठ्याने म्हणावेत. एकसष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट... नोटा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यालाही हे आकडे इतके अवघड कधी वाटले नव्हते. रोज वर्तमानपत्रातील एखादा मजकूर मोठ्याने वाचावा. घरच्यांनी मात्र मध्येच शब्द पुरवू नयेत. काही आठवड्यांनंतरही बोलताना कवळी खटखटत असेल, तर दंतवैद्यांना दाखवावी. घरी कानशीने घासू नये.