कानावर उभे राहणारे रहस्य : ‘इन्स्पेक्टर ईगल’

‘इन्स्पेक्टर ईगल’ ही विविध भारतीवरील गाजलेली हिंदी रहस्यमालिका. थर्मास बनवणारी ईगल कंपनी तिची प्रायोजक होती आणि नायकाचे नावही तिथूनच आले. ईगलला आवाज दिला विनोद शर्मा यांनी. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर जाहिराती लागू लागल्या, आणि १९७० पासून प्रायोजित कार्यक्रमांना वाट मिळाली. परदेशात रेडिओवरील रहस्यमालिकांची परंपरा जुनी होती. ब्रिटनमध्ये बीबीसीची ‘पॉल टेम्पल’ १९३८ मध्ये, तर अमेरिकेत एनबीसीची ‘ड्रॅगनेट’ १९४९ मध्ये सुरू झाली.

अशी मालिका केंद्रापासून दूरच्या गावात कशी ऐकू येई, याचे उदाहरण म्हणून जालना घ्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. गावात आकाशवाणीचे केंद्र नसल्याने भिस्त बाहेरच्या केंद्रांवर असे. या केंद्रांच्या मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या आयनांबरातील खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूरचे केंद्रही लागते. मात्र आवाज मध्येच विरतो, पुन्हा चढतो. अशा श्रोत्यापर्यंत कथा पोहोचवायची, तर महत्त्वाची गोष्ट एकदाच सांगून भागत नाही.

म्हणून रहस्यनाट्याची संहिता कानासाठी बांधतात. एका प्रवेशात दोन-तीनच पात्रे ठेवतात, त्यांचे आवाज एकमेकांपासून ठळक वेगळे निवडतात आणि बोलताना एकमेकांची नावे घ्यायला लावतात. ‘हा बघा सुरा’ असे थेट वाक्य कृत्रिम वाटते. त्याऐवजी हवालदाराच्या प्रश्नातून वस्तू कळते. तपासनीसाला सहकारी लागतो तो यासाठीच.

ध्वनिमुद्रणात अंतराला फार महत्त्व असते. दोन बाजूंनी ऐकणाऱ्या रिबन मायक्रोफोनच्या कडेला आवाज क्षीण येतो. नट तिकडे सरकला, की पात्र दूर गेल्यासारखे वाटते. कुजबुज मायक्रोफोनला तोंड लावून करतात. टेलिफोनवरचा आवाज हवा असेल, तर सुमारे ३०० हर्ट्‌झखालचे आणि ३४०० हर्ट्‌झवरचे स्वर गाळतात. पावलांसाठी खडीचा ट्रे, दारासाठी कडी-बिजागऱ्या लावलेली छोटी चौकट, आगीसाठी चुरगाळलेला सेलोफेन कागद, टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरतात.

यानंतर संपादन. तेव्हा ते टेपवर होई. पाव इंची टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरवली, तर पंधरा मिनिटांच्या भागाला सुमारे १७१ मीटर टेप लागे. नको तो श्वास किंवा अडखळलेला शब्द ब्लेडने तिरका कापून टोके चिकटवत. तिरक्या कापामुळे जोड कानाला खटकत नसे. शांततेचीही लांबी मोजली जाते. गोळीनंतरचा दीड सेकंद ताण वाढवतो, पाच सेकंद झाले तर रेडिओ बंद पडल्याचा संशय येतो.

पुरावा मात्र लपवता येत नाही. कादंबरीचा वाचक पान मागे उलटू शकतो, रेडिओच्या श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून खुनाचा धागा एकदा सहज बोलण्यात आणि एकदा आवाजातून, असा दोनदा पेरतात. चांगल्या रहस्यमालिकेची कसोटी एवढीच : उलगडा झाल्यावर तो पुरावा आपण आधी ऐकला होता, हे श्रोत्याला आठवले पाहिजे.