उठलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं: हे नेमकं काय?

आज डोकेदुखीवर बोलू, पण ॲसिडिटी किंवा मोबाईल बघून होणाऱ्या डोकेदुखीवर नाही. आजची डोकेदुखी ओळखायला एकच प्रश्न पुरतो: आडवं झाल्यावर ती कमी होते का?

समजा, सेलूत किंवा गंगाखेडला तुमच्या ताईचं सिझर झालंय. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाला पाजायला ती उठून बसते आणि काही मिनिटांत डोकं ठणकायला लागतं, मान आखडते, मळमळतं. आडवी झाली की पंधरा मिनिटांत बरं वाटतं. घरात कुणी म्हणतं वारं लागलं, कुणी म्हणतं नाटक करते. तिचं नाटक नाही. हा नाव असलेला, उपचार असलेला त्रास आहे.

आता आतली गोष्ट. आपला मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. हाच द्रव पाठीच्या कण्यातही असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिली असतो आणि शरीर रोज जवळपास अर्धा लिटर नवा तयार करतं. भूल देताना सुई या द्रवाभोवतीच्या पडद्यातून आत जाते. बहुतेकांचं भोक आपोआप बुजतं. काहींचं उघडं राहतं आणि द्रव झिरपत राहतो. मग उभं राहिलं की मेंदूला आधार कमी पडतो, तो खाली ओढला जातो, आवरणं ताणली जातात आणि डोकं दुखतं. झोपलं की ताण उतरतो. इतकं सरळ आहे हे.

हा त्रास नवा नाही. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर या सर्जननं ही भूल स्वतःवर करून पाहिली. त्याच्या पाठीतून बराच द्रव वाया गेला आणि पुढे कित्येक दिवस उठलं की डोकं, झोपलं की आराम, असं चाललं. म्हणून भुलीला घाबरू नका. आता पेन्सिलच्या टोकासारख्या बारीक सुया मिळतात, त्यामुळे हे प्रमाण खूप कमी झालंय.

सुईनंतरचा त्रास बहुधा पहिल्या तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत सुरू होतो आणि बऱ्याच जणींचा एक-दोन आठवड्यांत जातो. आराम, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी यावर अनेकींचं भागतं. तेवढ्यानं जमत नसेल, बाळाला घेऊन बसताही येत नसेल, तर भूलतज्ज्ञ 'ब्लड पॅच' करतात. बाईच्याच हातातून साधारण १५-२० मिली रक्त काढून कमरेत, त्या पडद्याच्या बाहेर सोडतात. त्यानं गळती बुजते. हा उपाय १९६० पासून माहीत आहे.

कधी कधी सुई न टोचताही पडदा फाटतो. हे दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात साधारण पाच जणांना होतं. अशा माणसाला मायग्रेन, सायनस नाहीतर मानेचा मणका म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या मिळतात. कानात आवाज येणं, ऐकू कमी येणं, दिवस चढेल तसं दुखणं वाढणं, या खुणा लक्षात ठेवा.

तपासणी कोणती? साधा सीटी स्कॅन बऱ्याचदा नॉर्मल येतो. मेंदूचा एमआरआय शिरेतून औषध देऊन काढावा लागतो, सोबत पाठीच्या कण्याचाही. तरीही पाचातल्या एकाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल दिसू शकतो. द्रवाचा दाब ६ सेंटिमीटर पाण्यापेक्षा कमी भरला तर निदान पक्कं होतं. पण गळती असूनही दाब नॉर्मल असलेले पुष्कळ असतात. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल म्हणून विषय संपत नाही. रुग्ण काय सांगतो, ते महत्त्वाचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळंतपणानंतरची प्रत्येक डोकेदुखी ही नसते. बीपी १४०/९० किंवा जास्त, नजर अंधुक, झटका, ताप, हातपाय लुळे पडणं, गुंगी, किंवा आडवं होऊनही डोकं न थांबणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. बीपीचा आजार असू शकतो, मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. आधी नुसतं उठल्यावर दुखायचं आणि आता सारखंच दुखतंय, हा बदलही धोक्याचा. थेट १०८ ला फोन लावा.

धोक्याची खूण नसेल, तर मोबाईलच्या नोट्समध्ये दोन दिवस तीन गोष्टी लिहा: किती वाजता उठली, किती मिनिटांत दुखायला लागलं, झोपल्यावर किती मिनिटांत थांबलं. ही नोंद आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जिथं सिझर झालं तिथंच परत जा, भूलतज्ज्ञांना भेटायचंय म्हणून सांगा. परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढच्या तपासण्यांसाठी पाठवलं तर नांदेडचं शासकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी गाठता येते.

डॉक्टरांसमोर नुसतं "डोकं दुखतं" म्हणू नका. "उठलं की दुखतं, झोपलं की थांबतं, आणि कमरेत सुई दिली होती," एवढं एक वाक्य बोला. निम्मं निदान तिथंच होतं. घरात कुणी बाळंतीण असेल तर हा भाग तिला आणि तिच्या सासूबाईंनाही ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!